साडेतीन फुटांचा बोळ

दाराची कडी वाजली. एकदाच, आणि तीही दबकत, वाजवणाऱ्याचा हात मध्येच कचरावा तशी.

रविवारची दुपार होती. मागच्या घरात बायजा सुपात सुकट पसरून त्यातल्या काड्या निवडत बसली होती. तिची लेक मिताली भिंतीला पाठ टेकून दिशाच्या शाळेच्या वहीला कव्हर घालत होती. कडी वाजली तशी दोघींचे हात थांबले. गावठाणात कडी कोण वाजवतं? शेजारणी बोळातूनच हाक मारत येतात आणि हाक संपायच्या आत चुलीशी बसलेल्या असतात.

"बग, कोन हाय," बायजा म्हणाली. पण मान तिने सुपातून वर काढली नाही.

कोण आहे ते मितालीला ठाऊक होतं. अकरा दिवस ती या कडीची वाट बघत होती. खरं सांगायचं तर अकरा वर्षं.

तिने मुद्दाम सावकाश उठून दार उघडलं. दारात चांगदेवकाका. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात प्लास्टिकची फाईल, आणि उजव्या खांद्यावर चुन्याचा पट्टा. बोळातून ये-जा करणाऱ्या प्रत्येकाला तो लागतोच. बोळ साडेतीन फुटांचा, त्यात काकांनीच बांधलेला जिना पुढे आलेला. तिथे माणसाला खांदा तिरका करावा लागतो. या घरातल्यांचे खांदे आपोआप वळतात. काकांना सवय नव्हती.

काकांच्या मागून दिशा घुसली. सहा वर्षांची. एका बाजूची वेणी घट्ट, लाल रिबिनीची. दुसऱ्या बाजूचे केस मोकळे, आणि हातात कंगवा.

"आई, आजोबा आले. माजी वेनी अर्धीच राह्यली."

"गप बस तिथे. घालू मग."

बायजानेच घालायला घेतली असेल आणि ही मध्येच पळाली असेल, असं मितालीला वाटलं. तिचं लक्ष त्या फाईलकडे होतं.

बायजाने डोक्यावरून पदर घेतला, प्लास्टिकची खुर्ची पुढे सरकवली आणि तांब्याभर पाणी आणून ठेवलं. मितालीने पाणीसुद्धा दिलं नसतं. काका खुर्चीच्या कडेवर टेकले. त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, तिथे अंकुशचा, त्यांच्या धाकट्या भावाचा, हार घातलेला फोटो होता. मग त्यांनी नजर पायाकडे घेतली.

"बरं चाललंय ना?" काका म्हणाले.

"चाललंय," बायजा म्हणाली.

तिने सूप पुन्हा पुढ्यात ओढलं.

*

मिताली नगररचनेच्या कार्यालयात आरेखक होती. ज्याला आपल्या जमिनीचे दोन किंवा चार तुकडे पाडायचे असतात, तो नकाशा घेऊन तिथे येतो. मिताली त्या नकाशावर पट्टी ठेवून बघते: तुकडा नियमापेक्षा लहान तर नाही ना, कोपरे जुळतात का, आणि प्रत्येक तुकड्याला रस्त्यापर्यंत स्वतःची वाट आहे का. जमीन कशीही वाटा, पण वाट नसलेला तुकडा कागदावर जन्मालाच येऊ शकत नाही. मितालीला सगळ्या नियमांत हा एक नियम जिवाभावाचा वाटायचा. ज्याने तो लिहिला, त्याने कुणाचा तरी बाप चादरीतून जाताना पाहिला असणार, असं तिला वाटायचं.

तिने पाहिला होता. तेव्हा ती वीस वर्षांची होती.

आजोबांची जागा दोन भावांत वाटली गेली, तेव्हा पुढचा, रस्त्याकडचा हिस्सा थोरल्या चांगदेवने घेतला आणि मागचा अंकुशला दिला. मोजणी झाली, दगड पुरले, कागद काकांच्या कपाटात गेले. अंकुशने कागद मागितला नाही. मागितला असता तर काकांचं उत्तर ठरलेलं होतं: "भावाभावांत काय मोजायचं?" मागच्या घराला जायला कडेने एक बोळ राहिला. तो आपल्या हिश्श्यातून आपण दिला, असं काका म्हणायचे. दर दिवाळीला फराळाच्या ताटाबरोबर ते एक वाक्य यायचं, "वाट आमची, पन चाला. भाऊ हाव आमी." आणि अंकुश हसून मान डोलवायचा. पुढे काकांनी पुढचं घर पाडून दुमजली बांधलं. जिना बोळात काढला. वाट त्यांची, मग जिनाही त्यांचा. अंकुश तेव्हाही काही बोलला नाही.

वास्तुशांत झाली आणि सहाव्या दिवशी अंकुश गेला. सकाळी दाढी करता करता छातीवर हात ठेवून खाली बसला, तो उठलाच नाही.

माणसं जमली. तिरडी मागच्या अंगणात बांधायला घेतली, तर कुणीतरी म्हणालं, ही बोळातून निघायची कशी? जिन्यापाशी दोन माणसं शेजारी उभी राहत नव्हती, चार खांदे कुठून चालणार? काकांच्या घराला बोळाकडे, जिन्याच्या अलीकडेच, एक मागचं दार होतं. त्या दारातून आत, ओटीवरून सरळ रस्त्यावर. पावलं मोजली तर वीस-बावीस. गावातला एक म्हातारा काकांना म्हणाला, "चांगदेव, दार उघड. तुज्या घरातून काढू."

काका दारात उभे होते. म्हणाले, "वास्तुशांत होऊन आठ दिस नाय झाले. नव्या घरातून मडं नाय जानार."

दार बंद झालं. अंकुशला त्याच्याच अंथरुणावरच्या चादरीत घातलं. चौघांनी चार टोकं धरली, आणि एकामागे एक, तिरके होत, त्याला बोळातून काढलं. जिन्यापाशी चादर आखडली, अंकुश जवळजवळ उभा झाला, आणि त्याची टाच पायरीच्या कडेला घासली. मिताली मागून चालत होती. टाचेला ओला चुना लागलेला तिने पाहिला. तिरडी मग रस्त्यावर बांधली, येणाऱ्या-जाणाऱ्या रिक्षांच्या मध्ये.

त्या वर्षी तिने कॉमर्स सोडलं आणि आयटीआयला आरेखकाचा कोर्स घेतला. लोकांना वाटलं, बाप गेला, पोरगी लवकर नोकरीला लागायचं बघते. तिला फक्त मोजायला शिकायचं होतं.

पण गंमत बघा. दुनियेच्या जमिनी पट्टीखाली घेणाऱ्या मितालीने स्वतःच्या जागेचा मोजणीचा नकाशा कधी मागवला नाही. भीती वाटायची. कागदावरही बोळ काकांचाच निघाला तर? मग ती दिवाळीची भीक खरी ठरली असती.

*

अकरा दिवसांपूर्वी ती फाईल आपल्या पायांनी चालत आली. अर्जदार चांगदेव मढवी. त्यांच्या हिश्श्याचे दोन तुकडे पाडायचे होते: पुढचा, दुकानांचा, थोरल्या प्रितेशच्या नावे, मागचा धाकट्या अभिरामच्या नावे. म्हातारा-म्हातारी, म्हणजे काका आणि भिमाकाकी, अभिरामकडे, मागेच राहत.

मिताली फाईल घेऊन साहेबांकडे गेली. "साहेब, हे माझे सख्खे काका."

"मग तू हात लावू नकोस. आशुतोषला दे."

तिने दिली. शेजारच्या टेबलावर आशुतोष बसायचा, कामाला चोख, जीभ तेवढी सैल. फाईल ठेवताना ती एकच वाक्य बोलली, जे तिने कुणालाही सांगितलं असतं. "मोजणीचा नकाशा लावून बघ, नुसत्या आर्किटेक्टच्या नकाशावर जाऊ नकोस."

"मॅडम, हे मी रोज करतो. आज स्पेशल काय?"

"काही नाही. बघ."

दुपारी त्याने तिला हाक मारली. "ए मिताली, इकडे ये जरा. तुझे काका हुशार आहेत की बावळट, ते ठरत नाहीये. मागच्या तुकड्याला साडेचार मीटरचा रस्ता दाखवलाय ना, त्यातला एक मीटर सात सेंटिमीटर त्यांचा नाहीच. ही पट्टी पोटहिस्सा दोनमध्ये आहे. दोन कोणाचा?"

"माझ्या बाबांचा," मिताली म्हणाली.

एक मीटर सात. साडेतीन फूट.

नकाशावर निळ्या रेघेत बोळ होता, आणि त्यात स्पष्ट दोनचा आकडा. काकांनी स्वतःच तो नकाशा फाईलला जोडला होता, कारण अर्जासोबत जोडायच्या कागदांच्या यादीत तो होता. इतकी वर्षं त्यांच्याच कपाटात पडलेला. त्यांनी तो कधी उलगडून पाहिलाच नव्हता. दर दिवाळीला ते ज्याची वाट त्यालाच दान करत होते.

"संमतीपत्र लागणार," आशुतोष त्रुटी लिहिता लिहिता म्हणाला. "पोटहिस्सा दोनच्या सगळ्या धारकांचं. नाहीतर रस्ता भरत नाही, रस्ता नाही तर विभाजन नाही. धारक कोण कोण?"

"माझी आई. आणि मी."

आशुतोषचं पेन थांबलं. त्याने तिच्याकडे पाहिलं. "टेन्शन आहे का घरात काही?"

"नाही रे. आता नाही."

त्या संध्याकाळी तिने पाव किलो जिलेबी आणली. बायजाने विचारलं, "काय झालं गं?" तेव्हा म्हणाली, "काही नाही, आज भूक लागली." दुसऱ्या दिवशी सकाळी तिने आईला सगळं सांगितलं. बायजा ऐकत राहिली. मग उठून बोळात गेली आणि एका हाताने एक भिंत, दुसऱ्या हाताने दुसरी, अशी चाचपत उभी राहिली. दोन्ही हात टेकत होते. आत आली ती पीठ मळायला बसली.

*

"त्याचं असं हाय," काकांनी फाईल उघडली, "की एक कागद अडकलाय. तुज्याच आपिसात. तुला म्हाईत असंल."

"ते टेबल माझ्याकडे नाही," मिताली म्हणाली. घरात ती गावचं बोलायची. आज मुद्दाम तिने ऑफिसातली भाषा काढली होती. "त्रुटीचं पत्र मिळालं असेल ना तुम्हाला? त्यात सगळं लिहिलंय."

"मिलालं. सही पायजे म्हनतात. बायजाची, तुजी." काका बायजाकडे वळले. "प्रितेशनी मधलं दार बंद केलंय. आमाला त्याच्या वटीवरून जाऊ देत नाय. त्याची बायको म्हनते, दुकानात गिर्‍हाईक येतं, म्हातारी पाय ओढत मधून जाते, बरं नाय दिसत. आता आमची वाट हीच, बोळातली. मंजुरी आली तर त्याला त्याच्या बाजूची पट्टी सोडावी लागंल. नाय आली तर तो तिथं भिंत घालनार, बोलला मला तोंडावर. पोटचा पोरगा."

मितालीच्या आत काहीतरी हळूच गोड होऊन पाझरायला लागलं. जिलेबीचा पाक जसा तोंडात सुटतो तसं. प्रितेश लहानपणी बापाचं सगळं बघत बघत मोठा झाला होता. चांगला शिकला होता.

"दादा," बायजा पहिल्यांदाच बोलली, "वाट तुमची ना?"

"अं?"

"वाट तुमची. दर दिवालीला बोलायचात. मग माजी सही कशाला?"

काका घोटभर पाणी प्यायले. "आता कागदावर तसं निघालं, बायजा. मोजनीवाल्यानी तसं दाखवलंय. जाऊ दे ना. भावाभावांत काय मोजायचं?"

मिताली मोठ्याने हसली. तिला हसू आवरलंच नाही. दिशानेही कारण न कळता तिच्याबरोबर हसून घेतलं.

बायजा मात्र हसली नाही. सुपातली सुकट तिने एका बाजूला सारली, हात पुसले. "दारात उभं राव्हा आनि बोला. वाट कोनाची ते."

"कुनाला बोलू? हितं कोन हाय ऐकायला?"

"ज्यानी ऐकायचं तो ऐकंल."

काका गुडघ्यावर हात देत उठले, दारात गेले. समोर बोळ, जिना, जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर झोपलेली मांजर. काकांनी तिकडे तोंड केलं आणि खाकरून घेतलं.

"वाट अंकुशची हाय," ते म्हणाले.

मांजराने कान हलवला. दुसरं काही झालं नाही. बायजाने डोळ्यांना पदर लावला, तो लगेच काढला. मग काकांच्या हातातला कागद घेतला, जमिनीवर ठेवला आणि वाकून एकेक अक्षर लावत सही केली: बायजा अंकुश मढवी. अंकुशच्या नावाशी तिने पेन जरा जास्त दाबलं.

"माजं झालं," ती म्हणाली आणि कागद मितालीकडे सरकवला. "आता तुजं."

मितालीने पेन उचललं. सहीची जागा टाईप केलेली होती, तिच्या नावाखाली रेघ ओढलेली. तिने पेनाचं टोपण काढलं. मग परत लावलं.

"काका, बाबांना तुमच्या दारातून बावीस पावलं होती."

काकांचा चेहरा पडला. "पोरी, वास्तुशांत झालेली. आठ दिस पन नव्हते झाले. नव्या घराचं—"

"हो ना. आमचंही तसंच आहे. वाट आमची आहे हे आम्हाला अकरा दिवसांपूर्वी कळलं. अगदी नवीन आहे. इतक्यात कुणाला द्यायची म्हणजे बरं दिसत नाही."

"मिताली," बायजा म्हणाली.

"तू तुझी सही केलीस आई. मी तुला काही बोलले का?"

"माज्यासाठी नाय मागत," काकांचा आवाज खाली आला. "भिमाचे गुडगे गेलेत. वॉकर घेतलाय, तो जिन्याजवल अडकतो. दोन म्हैने झाले, तिनी रस्ता बगितला नाय. डागदरकडं न्यायचं तर..."

"मग जिना तोडा. तो आमच्या जागेत आहे. त्याचंही पत्र येईल."

हे वाक्य तिने कितीदा तरी घोळवलं होतं. रात्री दिशाला थोपटताना, डबा भरताना. जहाजावरून नवऱ्याचा फोन यायचा तेव्हाही एकीकडे तेच चालायचं. आता बाहेर पडलं तेव्हा ते तिला वाटलं होतं त्याहून लहान निघालं, पण लागलं मात्र बरोबर जागी. रिकामी फाईल काखेला मारून काका निघाले. कागद न्यायचं भान त्यांना राहिलं नाही.

मिताली दारात उभी राहून बघत राहिली. जिन्यापाशी काका थांबले, खांदा तिरका केला, तरी पोट अडलं. एक हात भिंतीला, एक हात स्वतःच बांधलेल्या पायरीला लावून त्यांनी अंग सोडवलं. मांजर उठून वरच्या पायरीवर गेली. मग ते तसेच रस्त्याला लागले.

बघितलंत ना बाबा, ती मनात म्हणाली.

ती आत वळली तेव्हा बायजा पुन्हा सुपात बघत होती. काड्या कधीच निवडून झाल्या होत्या, तरी बोटं फिरत होती. दिशा कंगवा घेऊन समोर येऊन उभी राहिली.

"आई, आता वेनी कोन घालनार?"

"ये. मी घालते." मितालीने तिला मांडीपुढे बसवलं. "आजीने अर्धवट का सोडली?"

"ही आजी नाय. भिमाआजी."

"कोण?"

"भिमाआजी घालते. खिरकीतून. मी बोळात स्टुलावर बसते, पाट करून. ती गजातून हात काढते. आजोबा बोलले मी जातो तिकरं, तू दाराला कडी लाव, मग ती उठली, मग राह्यली."

मितालीने आईकडे पाहिलं. बायजाने वर पाहिलं नाही.

"रोज?"

"तू आपिसला गेली का रोज."

मितालीने ती झालेली वेणी हातात घेतली. तिला आधीच दिसायला हवं होतं. तीन पेडांची नव्हती, चार पेडांची होती. कानामागून सुरू केलेली, शेंड्याला रिबिनीचा दुहेरी फास. दोन्ही घरं एक होती तेव्हा, वाटणीच्या आधी, शाळेत जाताना तिची वेणी अशीच असायची. आईला चारपेडी कधी जमली नाही. काकी घालायची. ओटीवर पाय पसरून, मितालीला पुढ्यात घेऊन, गाणं गुणगुणत. किती घट्ट ओढायची! संध्याकाळपर्यंत एक केस सुटायचा नाही.

तिने मोकळ्या केसांत कंगवा घातला. चार पेड पाडले. पहिला दुसऱ्यावर, तिसरा... मग कोणता? तिने सोडून पुन्हा सुरुवात केली. बोटांना आठवेना. शेजारी जमिनीवर तो कागद पडला होता, आईची सही वाळलेली, खालची रेघ रिकामी. पेन घरंगळत सुपाशी जाऊन थांबलं होतं.

दिशा गप्प बसली होती. ती गप्प बसली की काहीतरी जुळवत असते. अंकुशच्या चादरीची गोष्ट तिला पाठ होती. मितालीनेच सांगितली होती, पुन्हा पुन्हा, विसरू नये म्हणून. टाचेच्या चुन्यापर्यंत.

"आई," तिने मान न वळवता विचारलं, "भिमाआजी किती जाडी हाय. ती मेली की तिला पन चादरीत घालून नेनार? मग तिची पन टाच लागल ना जिन्याला?"